आयएमएसएलपी की सीपीडीएल? मिश्र वाद्यांच्या गटाने आधी कुठे शोधावे

एक व्हायोलिन, एक क्लॅरिनेट, एक गिटार, एक चेलो. हौशी गट बहुधा असाच जमतो. ज्याला जे वाजवता येते ते घेऊन तो येतो. अशा मंडळींना सोळाव्या शतकातले युरोपीय संगीत वाजवायची हुक्की आली, की कोणीतरी म्हणतेच, "नेटवर सगळं फुकट आहे." आहे खरे, पण दोन ठिकाणी. आयएमएसएलपी आणि सीपीडीएल ही लिखित संगीताची दोन ऑनलाइन भांडारे, दोन्ही मोफत, दोन्ही विकी पद्धतीची, दोन्हीकडे पीडीएफचे ढीग. त्यामुळे ही एकाच दुकानाच्या दोन शाखा वाटतात. त्यातही सीपीडीएल हे गायकवृंदांसाठीचे भांडार, म्हणून वादक तिकडे फिरकत नाहीत. माझे मत उलटे आहे: चार-पाच वेगवेगळी वाद्ये असतील तर आधी सीपीडीएलच उघडावे.

कारण त्या काळाच्या रिवाजात आहे. गाणे आणि वाजवणे यांची पुस्तके तेव्हा फारशी वेगळी नव्हती. पॅरिसचा मुद्रक पियेर आतेन्यां याने १५३३ मध्ये सत्तावीस चौपदरी (चार आवाजांच्या) गाण्यांचा संग्रह छापला आणि कोणते गाणे आडव्या बासरीला शोभेल, कोणते रेकॉर्डर या उभ्या बासरीला, कोणते दोन्हींना, हे अक्षरांच्या खुणांनी दाखवले. इंग्लिश मॅड्रिगलच्या, म्हणजे अनेक आवाजांच्या गाण्यांच्या, मुखपृष्ठांवर तर 'गळ्यासाठी किंवा व्हायोलसाठी' अशा अर्थाचे शब्द दिसतात; व्हायोल म्हणजे गजाने वाजवायचे जुने तंतुवाद्य. म्हणजे वाद्यवृंदाचे निम्मे भांडार गाण्यांत दडलेले आहे. गंमत अशी की आयएमएसएलपीला ज्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची या मुद्रकाचे नाव दिले आहे, त्याने व्हेनिसमध्ये १५०१ मध्ये छापलेल्या पहिल्या संग्रहातही बहुतेक गाण्यांचे शब्द नाहीतच, फक्त सुरुवातीचे बोल.

आता फायलींकडे. आयएमएसएलपीवर जुन्या छापील प्रतींचे स्कॅन भरपूर मिळतात. पाहायला सुंदर, पण त्यात प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका, बारलाईन (मात्रांचे गट पाडणारी उभी रेषा) नाही, आणि सी-क्लेफ (मधल्या सी-ची जागा दाखवणारी खूण) कधी या रेषेवर तर कधी त्या. व्हायोला वाजवणारा एखादा तग धरेल. गिटारवाला पहिल्याच ओळीत हात टेकेल. सीपीडीएलवर स्वयंसेवकांनी आजच्या नोटेशनमध्ये नव्याने मांडलेल्या प्रती असतात, आणि अनेकदा पीडीएफसोबत म्युझिकएक्सएमएल फाइलही, म्हणजे प्रोग्रॅममध्ये उघडून बदलता येणारे नोटेशन. मिश्र गटाचे खरे घबाड ती फाइल. म्यूझस्कोर या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडायची आणि मधल्या आवाजाला बी-फ्लॅट क्लॅरिनेट निवडायचे, की तो पार्ट आपोआप एक पूर्ण स्वर वर लिहिला जातो, कारण हे वाद्य लिहिल्यापेक्षा तेवढेच खाली वाजते.

गिटारला तर तेवढेही करावे लागत नाही. आजच्या कोरल प्रतीत टेनरचा (पुरुषांच्या उंच आवाजाचा) पार्ट खाली ८ लिहिलेल्या ट्रेबल क्लेफमध्ये असतो, म्हणजे लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली. गिटारचे नोटेशनही तसेच वाजते. तेव्हा टेनर सरळ गिटारपुढे ठेवा, बेस (सर्वांत खालचा आवाज) चेलोकडे. अडचण आल्टो रेकॉर्डरची. नावात आल्टो असला तरी तो मधल्या सी-च्या वरच्या एफ-खाली उतरत नाही, आणि गाण्यातला आल्टो (वरून दुसरा आवाज) सर्रास उतरतो. त्याला वरचा आवाज द्यावा, किंवा दुसऱ्या आवाजात एखादे सप्तक चढवून बघावे. शब्द मात्र पुसू नका, निदान एका प्रतीत ठेवा. ओळ कुठे संपते आणि श्वास कुठे घ्यायचा ते शब्दच सांगतात.

याचा अर्थ आयएमएसएलपी टाकाऊ नाही. नृत्यसंगीत तिथेच. तिल्मान सुसातोने अँटवर्पमध्ये १५५१ मध्ये काढलेली चौपदरी नृत्ये, अँथनी हॉलबोर्नची १५९९ ची पाचपदरी पुस्तके. दोन्हींत कुठलेही ठरावीक वाद्य लागत नाही. पण त्याच १५९९ मध्ये टॉमस मॉर्लीने ल्यूट, पँडोरा, सिटर्न, बास व्हायोल, बासरी आणि ट्रेबल व्हायोल अशा नेमक्या सहा वाद्यांसाठी काढलेला संग्रह 'मिश्र वाद्ये' शोधताना हमखास समोर येतो. त्याच्या वाटेला जाऊ नये. ते मिश्रण त्यांचे होते, आपले नाही. आयएमएसएलपीवर शोधताना स्कॅनखाली नव्याने टाइप केलेली प्रत आहे का तेही बघा. असली तर तिथे सुटे पार्ट मिळण्याची शक्यता जास्त.

हक्कांचे थोडक्यात: भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे सुसातोची चिंता नाही. पण नवी प्रत मांडणाऱ्याचे हक्क वेगळे असू शकतात, म्हणून छापून वाटण्याआधी प्रतीवरच्या अटी वाचाव्यात.

आणि सीपीडीएलवर एकाच गाण्याच्या तीन-तीन प्रती असतात, गायकांच्या सोयीने वेगवेगळ्या पट्ट्यांत बसवलेल्या. व्हॉट्सअॅपवर गटाला नुसते गाण्याचे नाव पाठवू नका, प्रतीचा सीपीडीएल क्रमांक पाठवा.