कृष्णेचा पूर: चढउतार कोणता आणि बदल कोणता

सांगली-कोल्हापुरातील पूर ओसरला की दर वेळी तोच वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, हा हवामानबदलाचा परिणाम. दुसरा म्हणतो, 2005 सालीही असाच पूर आला होता, मग यात नवीन ते काय? हवामानातील चढउतार आणि हवामानबदल यांपैकी एकच कारण खरे असू शकते, असे दोघांनीही गृहीत धरलेले असते आणि गल्लत तिथेच होते.

चढउतार आपल्या ओळखीचे आहेत: एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापणे, ज्यामुळे आपल्याकडे पाऊस बहुधा कमी पडतो), हिंदी महासागरातील द्विध्रुव (त्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानातील फरक), पावसाचा जोर आणि उघडीप. 2019 मध्ये जूनअखेर देशात सरासरीपेक्षा सुमारे 33 टक्के कमी पाऊस झाला होता, तरी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फूट गाठले. त्यामुळे ‘यंदा एल निनो आहे, पुराची भीती नाही’ हे वाक्य मला धोकादायक वाटते, कारण एल निनोचा संबंध मुख्यतः हंगामाच्या एकूण पावसाशी असतो, तर घाटमाथ्यावरच्या नद्यांना पूर येतो तो चार-सहा दिवसांच्या संततधारेने.

खरी अडखळण पुढे आहे. हवामानबदल म्हणजे सरासरी थोडी वर सरकणे, असे बहुतेकांना वाटते. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, हे खरेच; परंतु बदल त्याखेरीज चढउतारांचा आवाकाही वाढवू शकतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोसमी पावसाची एकूण बेरीज घटत असतानाही विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांची वाढलेली अस्थिरता होती. तो पट्टा म्हणजे सह्याद्री नव्हे, पण सह्याद्रीला धडकणारे वारेही त्याच समुद्रावरून येतात.

म्हणून 2005 चा दाखला देऊन काहीच खोडून निघत नाही. पावसाचा जोर तेव्हाही अधूनमधून वाढत होता, आताही वाढतो. विचारायचे ते हे की, तसाच जोर आजच्या अधिक उष्ण समुद्रावरून आला तर कोयना-कृष्णेच्या उगमाकडे किती जास्त पाणी ओततो. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला. पूररेषा आखताना केवळ जुन्या नोंदींची सरासरी पुरेशी मानणे मला मान्य नाही, कारण त्या नोंदी ज्या समुद्राच्या काळातील आहेत, तो समुद्र आता तेवढा थंड राहिलेला नाही.