डिस्नेचा डायनिंग प्लॅन आणि ‘फ्री डायनिंग’: पैसे नेमके कशात वाचतात?

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डची सहल आखताना ‘डायनिंग प्लॅन’ आणि ‘फ्री डायनिंग’ या दोन गोष्टींची अनेक कुटुंबे गल्लत करतात. पहिल्यात जेवणाचे पैसे आपण आगाऊ भरतो. दुसरी ठरावीक तारखांपुरतीच येणारी ऑफर असून तीत तोच प्लॅन खोलीच्या पॅकेजसोबत मोफत दिला जातो. ताटात येणारे अन्न सारखेच असते, हिशेब मात्र पूर्णपणे बदलतो.

डायनिंग प्लॅन २००५ मध्ये सुरू झाला, २०२० मध्ये थांबला आणि ९ जानेवारी २०२४ रोजी परतला. क्विक-सर्व्हिस प्लॅनमध्ये प्रत्येक रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणे आणि एक स्नॅक मिळतो. मोठ्या प्लॅनमध्ये त्यांपैकी एका जेवणाऐवजी टेबलावर बसून घ्यायचे जेवण असते. २०२४ च्या सुरुवातीला प्रौढांचे एका रात्रीचे दर अनुक्रमे ५७.०१ आणि ९४.२८ डॉलर होते, तर ३ ते ९ वर्षांच्या मुलांचे २३.८३ आणि २९.६९ डॉलर.

यातले सगळे मर्म वयाच्या या अटीत आहे. क्विक-सर्व्हिस प्लॅनमधून स्नॅकचे सात डॉलर वजा केले, तर प्रौढाच्या प्रत्येक जेवणासाठी पंचवीस डॉलर उरतात आणि मद्य न घेणाऱ्या माणसाचे काउंटरवरचे बिल सहसा तेवढे होतच नाही. याउलट मोठ्या प्लॅनवरील आठ वर्षांच्या मुलाने मिकीसारख्या पात्रांसोबतचे एक बुफे जेवण घेतले, तर तेवढ्यातच त्याचे दिवसाचे पैसे वसूल होतात. दहा वर्षे पूर्ण झाली की मात्र त्याच मुलाला प्रौढाचा दर लागतो, मग ते कितीही कमी खात असो. शिवाय खोलीतील तीन वर्षे आणि त्याहून मोठ्या सर्वांनी तोच प्लॅन घ्यावा लागतो. फक्त मुलांपुरता तो घेता येत नाही. म्हणूनच लहान मुले जास्त आणि पात्रांसोबतची जेवणे आधीच ठरलेली असतील, तरच तो घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

फ्री डायनिंगमध्ये तुलना जेवणाच्या बिलाशी करायची नसते, तर खोलीच्या भाड्यावर सोडलेल्या सवलतीशी करायची असते, कारण या ऑफरसाठी खोलीचे भाडे पूर्ण द्यावे लागते. समजा, दोन प्रौढ आणि दोन लहान मुले रात्रीला २०० डॉलरच्या खोलीत राहणार आहेत. वीस टक्के सवलत सोडल्याने त्यांचे ४० डॉलर जातात, पण त्या बदल्यात वरील दरांनी १६१.६८ डॉलरचा क्विक-सर्व्हिस प्लॅन मिळतो. त्यांनी त्यातले निम्मेच वापरले, तरी ते फायद्यातच राहतात. ७०० डॉलरच्या खोलीत राहणाऱ्या दांपत्याचे गणित उलटे आहे. पंचवीस टक्के सवलत म्हणजे १७५ डॉलर, आणि एरवी त्यांचे खाणे १३० डॉलरांत भागत असेल, तर मोफत जेवणच त्यांना महाग पडते.

टिप दोन्हींत वेगळी द्यावी लागते, काही नामांकित रेस्टॉरंट एका जेवणासाठी दोन क्रेडिट (प्लॅनमधल्या दोन जेवणांचा हक्क) घेतात आणि न वापरलेली क्रेडिट हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री रद्द होतात, त्यांचा परतावा मिळत नाही.