तिवर आणि कांदळ: मीठ अडवतं कोण, टाकतं कोण?

खाडीच्या एकाच चिखलात तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडं उभी असतात. त्यांच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं ते असं: कांदळ मीठ मुळाशीच अडवतं, तिवर ते पिऊन पानांवाटे टाकतं. कांदळाचं बरोबर आहे. तिवराचं अर्धंच.

तिवराचं पान जिभेला लावून पाहा, खारट लागतं. पाऊस सरला की कोरड्या दिवसांत पानाच्या वरच्या बाजूला मिठाचे बारीक कण चकाकतात. पानावरच्या सूक्ष्म ग्रंथी हे मीठ बाहेर टाकतात. पण मुळाशी येणारं बहुतेक मीठ, साधारण नव्वद टक्के, तिवराचं मूळही आत घेत नाही. ग्रंथींच्या वाट्याला येतं ते त्यातून निसटलेलं. सगळंच आत आलं असतं तर कितीही उपसून पान जगलं नसतं.

कांदळाच्या पानाला अशा ग्रंथीच नाहीत. पान उलटलं की बारीक काळे ठिपके दिसतात आणि अनेकांना तीच मिठाची छिद्रं वाटतात. प्रत्यक्षात ते बुचासारख्या पेशींचे पुंजके असतात. टाकायची सोय नसल्यामुळे कांदळाला मुळाशी जास्त काटेकोर राहावं लागतं. 1960च्या दशकात शोलँडर या शास्त्रज्ञाने खारफुटींचा रस तपासला, तेव्हा ग्रंथी असलेल्या झाडांच्या रसात ग्रंथी नसलेल्यांच्या सुमारे दहापट मीठ निघालं.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती मुळाची गाळणी. मुळाच्या आतल्या थरात पेशींच्या मधल्या फटी सुबेरिन या मेणचट पदार्थाने बुजलेल्या असतात. त्यामुळे पाण्याला पेशीच्या पटलातूनच जावं लागतं आणि सोडियम बरंचसं मागे राहतं. समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी ओढायला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 25 पटींपेक्षा जास्त ताण हवा; तो पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनातून मिळतो. शोलँडरने 1968 मध्ये मुळं थंड केली, श्वसन थांबवणारी विषं दिली, तरी गाळणं चालूच राहिलं. ग्रंथींना मात्र मीठ बाहेर ढकलायला सतत ऊर्जा खर्चावी लागते.

खार जमिनीतल्या भाताची अडचण इथेच आहे. त्याच्या मुळाच्या फटींतून सोडियम बरंच झिरपतं आणि पानांना तिवरासारखी सोय नसते. नोना बोक्रा या मीठ सोसणाऱ्या भातात 2005 मध्ये एक जनुक ओळखलं गेलं. त्याचं प्रथिन जलवाहिनीत शिरलेलं सोडियम वर पानांपर्यंत पोचण्याआधीच काढून घेतं. म्हणजे अडवणंच, फक्त एक पायरी पुढे. तिवराचा मार्ग भाताच्या कुळात अगदीच नाही असं नाही: बंगालच्या खाडीकाठच्या चिखलात वाढणाऱ्या एका रानभाताच्या पानांवर मीठ बाहेर टाकणारे सूक्ष्म केस आहेत.