पाणी लागलं की मध जागा होतो

महाबळेश्वरच्या बाजारात ‘हा जांभळाचा मध, शुगरवाल्यांनाही चालतो’ असं छातीठोकपणे सांगणारे विक्रेते भेटतात. जांभळाच्या बिया मधुमेहावर देतात, मग त्याच्या फुलांचा मधही चालणारच, असा हा हिशेब. तो साफ चुकीचा आहे. मध कुठल्याही फुलाचा असो, वजनाने पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त साखरच असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. मधाचं खरं कौतुक करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे.

मधात जिवाणू वाढत नाहीत, यातलं बरंचसं श्रेय साखरेचं. पिकलेल्या मधात पाणी जेमतेम १७ ते २० टक्के, आणि तेही साखरेने धरून ठेवलेलं. त्यात पडलेल्या जिवाणूच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. लोणच्यात मीठ हेच करतं. शिवाय मध आम्लधर्मी असतो, पीएच ४ च्या आसपास. पण मग मधात पाणी मिसळलं की ही ताकद संपायला हवी. ती संपत नाही, उलट एक नवीनच शस्त्र बाहेर येतं.

सातेरी माशी (आपल्याकडची देशी मधमाशी) मकरंद पोळ्यात आणते तेव्हा तो चांगलाच पातळ असतो. माश्या पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात, पण तोवर हा गोड रस आंबत का नाही? कारण माशी आपल्या डोक्यातल्या ग्रंथींमधून त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मिसळते. हे एन्झाइम ग्लुकोज आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन दोन पदार्थ बनवतं: ग्लुकोनिक आम्ल (मधाचा आंबटपणा मुख्यतः याचाच) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. हो, जखम धुताना फसफसतं तेच! मध पिकला, पाणी कमी झालं की एन्झाइम जवळपास थंडावतं. पुन्हा पाणी लागलं की कामाला लागतं. १९३७ मध्ये मधातल्या या अज्ञात जंतुनाशकाला ‘इनहिबिन’ असं नाव दिलं गेलं, आणि ते म्हणजे पेरॉक्साइडच, हे १९६३ मध्ये सिद्ध झालं. त्याचं प्रमाण दवाखान्यातल्या ३ टक्के द्रावणाच्या हजाराव्या भागाएवढं, पण ते तासन्‌तास थोडंथोडं तयार होत राहतं.

हे एन्झाइम नाजूक असतं. उष्णतेने आणि उजेडाने ते निकामी होतं. दुकानाच्या काचेत उन्हात चमकणाऱ्या बाटल्या दिसायला छान, पण त्यातला मध या बाबतीत फारसा कामाचा उरत नाही.

आता वनस्पतींचा वाटा. मकरंद आणि परागातून मधात पॉलिफेनॉल ही वनस्पतींनी बनवलेली संयुगं येतात: क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, गॅलिक आम्ल वगैरे. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीच्या मधासारख्या गडद मधांत ते सहसा जास्त असतात. जाहिराती त्यांना ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून डोक्यावर घेतात. गंमत अशी की पेरॉक्साइड आणि लोह-तांब्याचे अंश सोबत असले की हीच संयुगं उलटी वागू शकतात: धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात, तो आयन पेरॉक्साइड फोडतो, आणि तयार होणारं हायड्रॉक्सिल मूलक (एक अतिक्रियाशील कण) जिवाणूच्या डीएनएचे तुकडे करतं.

कुठला मध कशाच्या जोरावर लढतो हे प्रयोगशाळेत कळतं. जिवाणू पेरलेल्या अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) थाळीत भोक पाडून मध भरायचा. रात्रभरात भोवती जिवाणूविरहित कडं उमटतं. मग मधात कॅटालेज हे पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम घालून पुन्हा तेच करायचं. बहुतेक मधांचं कडं आक्रसतं. न्यूझीलंडच्या मनुका मधाचं (मनुका हे तिथलं झुडूप, आपला सुकामेवा नव्हे) टिकतं, कारण त्याची मदार मिथाइलग्लायॉक्झाल या दुसऱ्याच जंतुनाशकावर आहे. ते मनुकाच्या मकरंदातल्या डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोनपासून बनतं. जांभूळ आणि मनुका एकाच कुळातले, पण तेवढ्यावरून जांभळाच्या मधाला ‘देशी मनुका’ म्हणून चढ्या भावाने विकणं ही निव्वळ चलाखी.

आणि बारशाआधीच बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची हौस असलेल्यांसाठी: मधात जिवाणू वाढत नसले तरी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू (त्याचं कवचबंद, सुप्त रूप) तग धरून राहू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. सोनं यात काहीही मदत करत नाही. याच बीजाणूंमुळे जखमेवर लावायचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यात बीजाणू मरतात, पण जंतुनाशक गुण टिकतो. तापवून मात्र हे साधत नाही, म्हणून स्वयंपाकघरातली बाटली जखमेवर उपडी करू नये.