शालेय खेळांमधले कन्कशन कायदे

खेळताना शाळकरी पोराच्या डोक्याला मार लागला आणि कन्कशनची (म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याची) नुसती शंका जरी आली तरी त्याला लगेच मैदानाबाहेर काढायचं, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परत उतरू द्यायचं नाही, हे बंधनकारक करणारे कायदे. भारतात असा वेगळा कायदा नाही, म्हणून नागपुरात एखाद्या शाळेच्या मॅचमध्ये पोट्टा डोक्यावर आपटला तर पुढचं सगळं पीटी सरांच्या अंदाजावर, आणि तो अंदाज बरेचदा "काही नाही झालं बे, पाणी पी अन् उतर" असाच असतो.

कन्कशनमध्ये धक्क्याने मेंदू कवटीच्या आत हलतो आणि त्याचं काम काही काळ बिघडतं. बेशुद्ध पडलंच पाहिजे असं काही नाही, बहुतेक जण पडतच नाहीत. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही, पोरगा तोच तोच प्रश्न विचारत राहतो. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून घरचे निश्चिंत होतात पण स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन सहसा दिसत नाही. हेल्मेटचंही तसंच, कवटी वाचते, कन्कशन टळेलच याची गॅरंटी नाही. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊन जीवही जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर मुख्यतः कोवळ्या वयातल्या खेळाडूंनाच.

या कायद्यांची सुरुवात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात झाली. 2006 मध्ये झॅकरी लिस्टेड हा 13 वर्षांचा पोरगा शाळेच्या फुटबॉल मॅचमध्ये (त्यांचा तो हेल्मेटवाला फुटबॉल) डोक्यावर पडला, थोडा वेळ बाहेर बसला, परत खेळला आणि मॅच संपल्यावर कोसळला. मेंदूचं ऑपरेशन, कोमा, मग कित्येक वर्षांची फिजिओथेरपी. 2009 मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला: खेळाडू आणि पालकांनी दरवर्षी माहितीपत्रक वाचून सही करायची, शंका आली की बाहेर, आणि परत येताना लेखी परवानगी. 2014 पर्यंत सगळ्या 50 राज्यांत असे कायदे आले. कॅनडातल्या ऑन्टारियोत रग्बी खेळणारी 17 वर्षांची रोवन स्ट्रिंगर 2013 मध्ये डोक्याला मार लागून दगावली, तिच्या नावाचा कायदा 2018 चा.

यातली खरी कामाची गोष्ट, निर्णय पोराच्या हातात राहत नाही. फायनल असली की कोणता पोट्टा स्वतःहून "सर मला चक्कर येतेय" म्हणणार? पण कायदा कागदावर कडक असला तरी बऱ्याच राज्यांत तो मोडणाऱ्याला शिक्षाच नाही, हा मोठा लोच्या आहे.

आपल्याकडे हा शब्द पोचला तो क्रिकेटमुळे. आयसीसीने 2019 मध्ये कन्कशन सबस्टिट्यूट (डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू) आणला, आणि 2020 मध्ये कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटला बॉल लागल्यावर बदली आलेल्या चहलने 3 विकेट काढल्या तेव्हा सगळी चर्चा चीटिंग झाली का यावरच. भारताचा क्रिकेटपटू रमण लांबा 1998 मध्ये ढाक्यात बिनहेल्मेट शॉर्ट लेगला उभा असताना डोक्याला बॉल लागून गेला, हे तोवर लोक विसरलेही होते.

महाराष्ट्रात पोरांच्या अशा धोक्यावरून कोर्टापर्यंत गेलेला विषय म्हणजे दहीहंडी. 2017 मध्ये सरकारने मुंबई हायकोर्टात सांगितलं की 14 वर्षांखालच्यांना भाग घेऊ देणार नाही. पण तो नियम थरावर कोणी चढायचं याचा, पडल्यावर काय करायचं याबद्दल त्यात काही नाही.