सुरखाबाचे फोटो, गुडघे सांभाळून

(आमच्याकडून लेन्स भाड्याने नेणाऱ्या आणि आमच्या गाडीने येणाऱ्या ग्राहकांसाठी)

दुकानात आल्या आल्या बरेच जण विचारतात, "सगळ्यात जास्त फ्लेमिंगो कुठे?" (फ्लेमिंगो, रोहित, अग्निपंख, सुरखाब, पक्षी तोच, आपल्याकडे वडोदऱ्यात मराठी घरांतही सुरखाबच म्हणतात.) याचं खरं उत्तर कच्छचं मोठं रण. तिथे त्यांची वीण होते. पण तिथे आम्ही कुणाला नेत नाही. वाट चिखलाची, परवानग्यांचा व्याप मोठा आणि घरट्यावरचा पक्षी बिथरून उठला तर अंडी उघड्यावर पडतात. आमचे बहुतेक ग्राहक निवृत्त आहेत, दोघे-तिघे व्हीलचेअरवर येतात. त्यांनी विचारायचं ते एवढंच: पक्का रस्ता पाण्याच्या किती जवळून जातो?

या हिशेबाने आमची पहिली पसंती भावनगर. वडोदऱ्याहून तारापूर, वटामण, धोलेरा करत साधारण चार तास लागतात. गावालगतच्या मिठागरांत आणि कुंभारवाड्याच्या पाणथळीत मोठा आणि छोटा, दोन्ही रोहित दिसतात. मोठ्याची चोच फिकी गुलाबी, टोकाला काळी. छोट्याची गडद, जवळजवळ काळपट लाल, आणि अंगाचा रंगही जास्त गहिरा. राखाडी, मळकट दिसणारी पिल्लं मधे असतील तर त्यांना फ्रेमबाहेर काढू नका. गुलाबी रंग खाण्यातून येतो, त्याला वेळ लागतो.

इथे गाडीतून उतरायचं नाही. उभ्या गाडीला पक्षी फारसे जुमानत नाहीत, पण दार उघडून माणूस खाली उतरला की सगळा थवा पन्नास पावलं पलीकडे. इंजिन बंद करा, नाहीतर थरथर लेन्समध्ये उतरते. खिडकीच्या काचेवर ठेवायला आम्ही ज्वारी भरलेली कापडी पिशवी देतो. ट्रायपॉडपेक्षा ती बरी, आणि मांडीवर घेऊन बसायलाही हरकत नाही. मग थांबा. दहा मिनिटांत ते पुन्हा चरायला लागतात: मान खाली, चोच उलटी पाण्यात, पाय जागच्या जागी चिखल तुडवताहेत. बघता बघता सगळ्यांनी एकदम माना वर केल्या तर समजा, आपण जास्त जवळ आलोय. गाडी हळूच मागे घ्या.

वेळ भरती बघून ठरवतो. खंबातच्या आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. चिखलाचे पट्टे पाण्याखाली गेले की पक्षी आत, मिठागरांकडे सरकतात. सकाळी भरती असेल असा दिवस निवडतो आणि आदल्या संध्याकाळी निघतो. मिठागरांचे बांध मऊ असतात, त्यांवर गाडी घालू नका. अगरियांना, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांना, विचारल्याशिवाय आतही शिरू नका.

नळ सरोवराबद्दल आमचं मत जरा वेगळं आहे. अहमदाबादेहून साठेक किलोमीटर, 2012 पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी), पाणी उथळ, पक्षी भरपूर. पण नाव बांबूने ढकलतात, चढता-उतरताना गुडघा पूर्ण वाकवावा लागतो. रविवारी गर्दीही फार. सुरुवातीला आम्हीच एका रविवारी सहा जणांना नेलं. दोघांना नावेत बसताच येईना, ते काठावर गाठिया खात बसले. त्यानंतर तिथे फक्त कामाच्या दिवशी आणि फक्त खुटखुटीत लोकांना नेतो. नावाड्याला "अजून जवळ घे" म्हणायचं नाही, ही आमची अट.

घराजवळचं ठिकाण हवं असेल तर डभोई तालुक्यातलं वढवाणा. 1909-10 च्या सुमारास गायकवाड सरकारने बांधलेलं सिंचनाचं तळं, 2021 पासून रामसर. तिथे सुरखाब दिसेल याची हमी नाही. पट्टकदंब हंस मात्र हिवाळ्यात बहुधा दिसतात, आणि लेन्सचा हात बसवायला यापेक्षा चांगली शाळा नाही. ठाण्या-मुंबईला मुलगा-मुलगी असेल तर ऐरोलीहून खाडीतली बोट बघा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 चं आहे, बोटीची वेळ भरतीवर असते.

लेन्स 400 मिमीपेक्षा कमी नको. शटर 1/2000, कारण पक्षी उडताना पाण्यावरून धावत जातात, तेही वाऱ्याच्या दिशेला तोंड करून. वारा कुठून येतोय ते आधी बघून ठेवा. उडतानाच पंखांतला लाल-काळा रंग उघडतो. एक्स्पोजर थोडं उणं ठेवा, नाहीतर पिसांचा तपशील जळतो. साडेनऊनंतर पाण्यावर झळा नाचू लागतात, मग कितीही महाग लेन्स असो, फोटो मऊच येतो. त्या वेळी चहा.

नोव्हेंबर ते मार्च गाड्या निघतात. नाव नोंदवताना गुडघा, पाठ, मधुमेहाच्या गोळीची वेळ, सगळं सांगा. बसायची जागा आणि थांबे त्यावर ठरतात. 14 आणि 15 जानेवारीला गाडी नाही. त्या दोन दिवशी आम्हीही गच्चीवर असतो.