मुंबईचा समाजशास्त्र विभाग घुर्ये यांनी स्थापन केला?

स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपासून जयंतीच्या भाषणांपर्यंत एक वाक्य वर्षानुवर्षे फिरत आहे: ‘मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी स्थापन केला.’ हे खरे नाही.

विभाग सुरू झाला १९१९ साली, ‘समाजशास्त्र व नागरिकशास्त्र’ या जोडनावाने. पहिले प्राध्यापक आणि प्रमुख होते पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश माणूस मुळात जीवशास्त्राचा अभ्यासक, पुढे नगररचनाकार झालेला. शहर हीच त्यांची प्रयोगशाळा होती. विभागाच्या नावातले नागरिकशास्त्र तिथूनच आलेले दिसते. परदेशी उच्च शिक्षणासाठी घुर्ये यांची निवड होण्यातही त्यांचाच हात होता.

मालवणात जन्मलेले घुर्ये केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि १९२४ मध्ये त्यांनी विभागाची सूत्रे हाती घेतली. प्राध्यापकपद मात्र १९३४ मध्ये मिळाले. १९५९ पर्यंत, म्हणजे तब्बल ३५ वर्षे, विभाग त्यांच्याकडे होता. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे सगळे त्यांचे विद्यार्थी. इतक्या दीर्घ कारकिर्दीपुढे गेडिस यांची पाच वर्षे झाकली गेली, यात नवल नाही.

आणखी एक सरमिसळ होते. घुर्ये यांनी खरोखर स्थापन केली ती ‘इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी’, १९५१ मध्ये. ते संस्थापक होते, पण या संस्थेचे. विभाग त्यांनी स्थापला नाही, घडवला. आणि माझ्या मते ते काम अधिक अवघड होते.